वसईचा विजेता, पुण्याचे घर : चिमाजी आप्पाच्या चरित्रकथनांतील दुभंग

१

वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीजांनी १६ मे १७३९ रोजी शरणागती पत्करली. नऊ महिने उलटण्याच्या आत, जानेवारी १७४० मध्ये, पुण्यात मस्तानीला नजरकैदेत ठेवण्यात आले. पहिल्या घटनेचा सूत्रधार चिमाजी आप्पा होता. दुसऱ्या घटनेत तो पुतण्या नानासाहेबाच्या बरोबरीने सहभागी होता. मराठी वाचकाला या दोन्ही घटना ठाऊक असतात. तरीही त्या एकाच मनुष्याच्या आयुष्यात, वर्षभराच्याही आत घडल्या, याचे भान त्याला सहसा नसते. या विस्मरणाचा दोष केवळ वाचकाच्या माथी मारता येणार नाही. ज्या वाङ्मयप्रकारांतून चिमाजी आप्पा त्याच्यापर्यंत पोहोचतो, त्या प्रकारांच्या रचनेतच ते विस्मरण अंतर्भूत आहे.

या दुभंगाची पहिली खूण कागदपत्रांच्या मांडणीत सापडते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' ४५ खंडांत संपादित केले. त्यांत बाजीराव आणि त्याचे कुटुंब यांविषयीच्या कागदांचा एक स्वतंत्र खंड आहे आणि वसईच्या मोहिमेचा दुसरा स्वतंत्र खंड आहे. संपादनाची सोय म्हणून ही विभागणी समर्थनीयच आहे; एवढ्या प्रचंड सामग्रीला विषयवार लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु सोयीसाठी केलेले वर्गीकरण पुढे अर्थनिर्णयाचे काम करू लागते. मोहिमेच्या अभ्यासकाने एक खंड उघडायचा आणि कुटुंबकथेच्या लेखकाने दुसरा, असा संकेत रूढ होतो. त्यातून एकाच पुरुषाची दोन चरित्रे सिद्ध होतात, आणि त्या चरित्रांची परस्परांशी ओळख राहत नाही.

चिमाजी आप्पाविषयीच्या मराठी लेखनाचे स्थूलमानाने तीन प्रवाह करता येतात. पहिल्यात तो वसईचा विजेता आहे; तेथे त्याला भाऊ आहे तो केवळ पेशवा म्हणून, आणि घर जवळजवळ नाहीच. दुसऱ्यात तो बाजीरावाच्या प्रेमकथेतील अडसर आहे. तेथे त्याची तलवार खुंटीला टांगलेली असते. तिसऱ्यात तो पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावाचा पिता आहे. तेथे तो नावापुरता उरतो. योद्धा, भाऊ आणि बाप या तीन नात्यांना एकत्र धारण करणारी संहिता मराठीत का निर्माण झाली नाही, हा प्रश्न इतिहासाइतकाच वाङ्मयप्रकारांच्या मीमांसेचा आहे.

२

या प्रश्नाची मांडणी करताना एका प्राचीन ग्रीक राजाची कथा उपयोगी पडते. ट्रॉयवर चालून गेलेल्या सैन्याचा सेनानी अगामेम्नॉन हाही आरंभी दोन महाकाव्यांत विभागलेला आहे. 'इलियड'मध्ये तो रणांगणावरचा राजा आहे. त्याचे घर तेथे केवळ संभाषणातून डोकावते : युद्धात हाती आलेल्या क्रिसेइसला तो आपल्या पत्नीहून सरस ठरवतो, आणि अकिलीसचा राग शमावा म्हणून आपल्या तीन मुलींपैकी एक त्याला देऊ करतो. ऑलिसच्या किनाऱ्यावर इफिजेनियाचा बळी दिल्याची कथा 'इलियड' सांगत नाही. 'ओडिसी'त हाच राजा आधीच मेलेला आहे. विजयी होऊन परतलेल्या सेनानीचा घरात झालेला वध हे ओडिसियसच्या घरवापसीसाठी योजलेले भयसूचक उदाहरण, एवढेच त्याच्या कथेचे तेथे प्रयोजन. एका महाकाव्याने युद्ध घेतले, दुसऱ्याने घर घेतले.

ही दोन अर्धुके सांधण्याचे काम नाटकाने केले. इ. स. पूर्व ४५८ मध्ये एस्किलसने 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी रंगभूमीवर आणली. तिच्यातील पहिल्या नाटकात विजयाची वार्ता पोहोचत असतानाच वृद्धांचा समूह ऑलिसच्या बळीची आठवण काढतो. विजयाची वार्ता आणि मुलीचा मृत्यू एकाच समूहगीताच्या श्वासात येतात. पुढे क्लायटेम्नेस्ट्रा रथापासून दारापर्यंत जांभळ्या वस्त्रांच्या पायघड्या घालते आणि राजा त्यांवरून चालत जातो. रणांगण आणि घर यांच्यामधला उंबरठा हे त्या नाटकाचे खरे घटनास्थळ आहे. युद्ध घरातूनच सुरू झाले होते आणि त्याचा हिशेब घरातच होणार होता, हे प्रेक्षकाला त्या उंबरठ्यावर उमगते.

अॅरिस्टॉटलने या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. विंदा करंदीकरांच्या १९५७ मधील अनुवादामुळे त्याचे काव्यशास्त्र मराठी अभ्यासकांच्या नित्य परिचयाचे झाले. शोकात्मिकेची उत्तम कथानके मोजक्याच घराण्यांभोवती फिरतात, असे निरीक्षण तो नोंदवतो आणि त्याचे कारणही सुचवतो. वैऱ्याने वैऱ्याला मारले तर त्यात दुःखाचे विशेष असे काही नसते. आप्तांच्या हातून आप्ताचा घात घडतो तेव्हाच करुणा आणि भीती जागी होते. या विवेचनाचा आधार केवळ भावनिक नाही. जेथे नाते आहे तेथे हक्क आहे, कर्तव्य आहे आणि म्हणूनच दोन योग्य गोष्टींमध्ये संघर्ष होण्याची शक्यता आहे.

तुलनेच्या मर्यादा अर्थात स्पष्ट आहेत. चिमाजी आप्पा राजा नव्हता. तो छत्रपती शाहूंच्या पेशव्याचा धाकटा भाऊ होता. त्याने मुलीचा बळी दिला नाही आणि त्याचा खूनही झाला नाही. कथानकांचे साम्य शोधण्याचा येथे हेतू नाही. एका योद्ध्याचे चरित्र दोन वाङ्मयप्रकारांत फुटते तेव्हा काय हरवते, आणि ते पुन्हा सांधले गेल्यास कोणता अर्थ प्रकट होतो, एवढाच धडा ग्रीक उदाहरणापासून घ्यावयाचा आहे.

३

वसईच्या मोहिमेचे वाङ्मय मुख्यतः पत्रांचे आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीत पाय रोवले. वसईवरचे आरंभीचे प्रयत्न मात्र फसले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर पडले, फेब्रुवारीत वसईचा वेढा आवळला गेला, आणि मे महिन्यात सुरुंगांनी बुरूज फोडल्यावर निर्णायक हल्ले झाले. वेढ्यात पोर्तुगीज सेनानी सिल्व्हेरा द मेनेझिस मारला गेला. मराठ्यांकडील मृत आणि जखमी मिळून संख्या पाच हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांना चिमाजी आप्पाने कळवलेला विजयाचा वृत्तान्त मराठी पत्रवाङ्मयात प्रसिद्ध आहे. त्याचे निवेदन कोरडे, नेमके आणि हानीची किंमत ओळखणारे आहे. गुरूला लिहिताना जयाचा अहंकार आवरण्याचा शिष्टाचार त्या गद्याला आपोआप संयम देतो.

याच काळातील एक पत्र मोहिमेच्या चौकटीत बसूनही तिच्या बाहेर पाहते. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आला. त्याच्या आईला गेलेले सांत्वनपत्र हा मराठी गद्याचा एक मोलाचा ठेवा आहे. मृत सरदाराविषयी पत्र बोलते ते भावाच्या नात्याने. मातेच्या दुःखात लिहिणारा स्वतःला आप्त म्हणून सामील करतो. येथे सैन्याचे रूपांतर कुटुंबात होते. बखरी आणि पत्रे यांतून दिसणाऱ्या मराठेशाहीच्या युद्धभाषेचा हा स्थायी विशेष आहे. पदरचा सरदार हा पुत्र किंवा भाऊ, धनी हा बाप, आणि निष्ठा म्हणजे घरच्या अन्नाची आठवण. कुटुंबाची परिभाषा रणांगणावर एवढी विस्तारली की, योद्ध्याच्या प्रत्यक्ष कुटुंबाला तेथे वेगळी जागा उरली नाही.

बखरीत ही प्रक्रिया अधिक स्पष्ट होते. साष्टीच्या बखरीत आणि तिच्याशी निगडित परंपरांत गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्याचे भाऊबंद यांना मानाचे स्थान आहे. मोहिमेची प्रेरणा पुण्याच्या मसलतीत शोधण्याऐवजी स्थानिकांच्या गाऱ्हाण्यात आणि चिकाटीत शोधण्याची त्या परंपरेची दृष्टी आहे, आणि ती मोलाची आहे. या दृष्टीत कुटुंब आहे, पण ते अंजूरच्या नाइकांचे. चिमाजी आप्पा तेथे वरून येणारा तारणहार आहे. तारणहाराला घर असण्याची गरज कथेला वाटत नाही. आधुनिक काळात य. न. केळकरांनी 'वसईची मोहीम' लिहून पत्रव्यवहाराच्या आधारे युद्धाचा सविस्तर आराखडा सिद्ध केला. विषयमर्यादेमुळे तेथेही योद्धा मोहिमेपुरताच राहणे क्रमप्राप्त होते.

या प्रवाहाचे टोक म्हणजे तोफेची आख्यायिका. किल्ला हाती येत नाही हे पाहून चिमाजी आप्पाने आपल्याला तोफेच्या तोंडी द्यावे आणि निदान आपले मस्तक तरी किल्ल्यात पडू द्यावे, असे सरदारांना सांगितले, अशी ही कथा. तिची ऐतिहासिक सत्यता हा येथे प्रश्न नाही. कथनदृष्ट्या ती एका गोष्टीचे निदर्शक आहे. देहाचा त्याग बोलून दाखवणारा हा पुरुष त्या क्षणी कोणाचाही बाप नाही, पती नाही. प्रत्यक्षात १७३० मध्ये सदाशिवरावाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्याची पहिली पत्नी रखमाबाई वारली होती. आईविना वाढणारा आठ वर्षांचा मुलगा आजी राधाबाईच्या छायेत पुण्यात होता. आख्यायिकेत हा मुलगा आणला असता तर तोफेपुढचे ते वाक्य अधिक जड झाले असते. वीरकथेला ते वजन नको असते. तिला हलके, उडण्याजोगे मस्तक हवे असते.

४

पुण्यातील कथेचा बाज याच्या अगदी उलट आहे. बाजीराव आणि मस्तानी यांच्या संबंधांवर आधारित कथा, नाटके, कादंबऱ्या आणि चित्रपट यांत चिमाजी आप्पाची भूमिका ठरून गेलेली आहे. ना. सं. इनामदार यांची 'राऊ' ही १९७२ मधील कादंबरी या परंपरेतील सर्वाधिक प्रभावी कृती. २०१५ मधील 'बाजीराव मस्तानी' या हिंदी चित्रपटाने तिच्याच आधाराने ही कथा देशभर पोहोचवली. प्रेमकथेचा आस प्रेमिकांच्या दृष्टीतून फिरतो. त्या दृष्टीला भाऊ, आई आणि मुलगा हे तिघे मिळून एकच अडथळा दिसतात. घराची भिंत, एवढेच त्यांचे कार्य. भिंतीला अंतःकरण नसते.

कागदपत्रे मात्र या भिंतीला तडे असल्याचे सांगतात. मस्तानीविषयी काय करावे याबद्दल छत्रपती शाहूंचे मत घेण्यात आले. गोविंदराव चिटणिसामार्फत आलेले उत्तर बळजबरीच्या विरोधात होते. बाजीरावाचे मन दुखवू नये, असा त्याचा रोख होता. म्हणजे खुद्द धन्याच्या मुखातून वेगळा मार्ग सुचवला गेला होता. त्या काळाची मूल्येच तशी होती, हे समर्थन येथे अपुरे पडते. त्या काळातच दोन मते होती, आणि पुण्याच्या घराने त्यांतले एक निवडले. निवड आहे तेथे नैतिक जबाबदारी आहे, आणि जबाबदारी आहे तेथेच शोकात्मिकेची सामग्री आहे.

घटनांचा क्रम ही सामग्री अधिकच गडद करतो. १७४० च्या आरंभी पुण्यात रघुनाथरावाची मुंज आणि सदाशिवरावाचे लग्न झाले. बाजीराव या मंगलकार्यांना उपस्थित नव्हता. याच सुमारास नासिरजंगावरील मोहीम चालू होती, तीत दोघे भाऊ एका बाजूने लढत होते, आणि फेब्रुवारीअखेर मुंगी पैठणचा तह झाला. रणांगणावर ज्याचा खांदा आपल्या खांद्याला लागला आहे, त्याच्याच घरात आपण हात घातला आहे, अशी ही विलक्षण अवस्था. तहानंतर भाऊ वेगळे झाले. त्यानंतर नानासाहेबाला लिहिलेल्या पत्रात चिमाजी आप्पा भावाच्या अस्वस्थ मनाची चिंता करतो आणि पुण्यास परतल्यावर मस्तानीला त्याच्याकडे पाठवून द्यावे, असा विचार व्यक्त करतो. तो विचार कृतीत येण्यापूर्वीच, २८ एप्रिल १७४० रोजी, नर्मदेच्या तीरी रावेरखेडी येथे बाजीरावाचा मृत्यू झाला.

अॅरिस्टॉटलच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे प्रमाद आहे, विपर्यय आहे आणि उशिरा आलेला प्रत्यभिज्ञेचा क्षणही आहे. एस्किलसला यापेक्षा अधिक काय हवे होते? परंतु प्रेमकथा या पत्राशी थांबू शकत नाही, कारण तिला खलपक्ष ठाम असावा लागतो. वीरकथेलाही ते नको असते, कारण तिला वसईचा विजेता चुकलेला चालत नाही. पत्र दोन्ही कथनांच्या मधल्या फटीत पडून राहते.

५

या दुभंगाचे सर्वांत बोलके चिन्ह म्हणजे दोन स्त्रिया. वसईच्या लोकप्रिय कथनात एक पोर्तुगीज स्त्री आहे. किल्ला पडल्यावर ती विजेत्यांच्या हाती लागली आणि चिमाजी आप्पाने तिला सन्मानाने परत पाठवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेविषयी शिवाजी महाराजांच्या संदर्भात सांगितल्या जाणाऱ्या कथेशी तिचे नाते उघड आहे. दोन्हींचा भूगोल उत्तर कोकणाचा, घटनासूत्र तेच, नीतिवाक्यही तेच. लोककथेतील आशयबंध नव्या नायकाला लागू होतो तेव्हा तो नायक पूर्वसूरींच्या पंक्तीत बसतो; आख्यायिकेचे हे कार्य ध्यानी घेतले पाहिजे. शरणागतीच्या तहात पोर्तुगीजांना हत्यारे, निशाणे, कुटुंबे आणि चीजवस्तू घेऊन बाहेर पडण्याची मुभा होती. ही ऐतिहासिक उदारता एका स्त्रीच्या प्रतिमेत घनीभूत झाली, असे म्हणता येईल.

या आख्यायिकेला वाचनाचा स्वतःचा इतिहास आहे. बहुतेकांनी तिच्याकडे सद्गुणाचा पुरावा म्हणून पाहिले. वि. दा. सावरकरांनी १९६३ मधील 'सहा सोनेरी पाने'त याच वर्तनाला सद्गुणविकृती ठरवून त्याचा निषेध केला. ही दोन वाचने परस्परविरोधी दिसतात. पण त्यांचे गृहीत एकच आहे. दोन्हींत ती स्त्री एका पुरुषसमूहाची खूण आहे. ती परत पाठवणे हा विजेत्याचा गुण आहे की दोष, एवढ्यावरच वाद चालतो. ती स्वतः काय आहे, हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

दुसरी स्त्री पुण्याची. मस्तानीला परत पाठवायला सीमेपलीकडे घर उरले नव्हते. ती बाजीरावाच्या आयुष्यात आणि वाड्यात आलेली होती, तिला मुलगा होता. पुढे समशेरबहाद्दर म्हणून तो पानिपताच्या रणात उतरला आणि त्या युद्धाच्या जखमांनी गेला. या दोन स्त्रियांविषयीचे वर्तन एकमेकांशेजारी ठेवले की पहिल्या दर्शनी विसंगती जाणवते : शत्रूच्या स्त्रीशी उदार, भावाच्या स्त्रीशी कठोर. खोलात गेल्यास विसंगती विरते आणि अधिक अस्वस्थ करणारी सुसंगती दिसू लागते. दोन्ही ठिकाणी एकच मूल्य काम करते आहे. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे : मर्यादा. हा शब्द सीमेचाही वाचक आहे आणि शालीनतेचाही. प्रत्येक स्त्री आपापल्या घरच्या सीमेत असावी, हा त्याचा दंडक. शत्रूची स्त्री आपल्या सीमेत आली तर तिला सन्मानाने तिच्या सीमेत पोहोचवावे. आपल्या घरात परकी म्हणून गणलेली स्त्री सीमा पुसू लागली तर तिला बंद करावे. वसईची उदारता आणि पुण्याची कठोरता ही एकाच नीतीची दोन टोके आहेत.

एवढे दिसल्यावर चिमाजी आप्पाचे चरित्र वीरकथेला वाटते त्याहून कमी निर्मळ आणि प्रेमकथेला वाटते त्याहून कमी दुष्ट ठरते. ज्या गुणासाठी वसईत त्याचे गोडवे गायले जातात, तोच गुण त्याला पुण्यात भावाच्या दुःखाचे कारण बनवतो. दोषामुळे घडणाऱ्या नाशाहून गुणामुळे घडणारा नाश अधिक शोकात्म असतो. ही जाण दोन्ही खंड एकत्र उघडल्याखेरीज येत नाही.

६

बाजीरावामागोमाग साडेसात महिन्यांनी, १७ डिसेंबर १७४० रोजी, पुण्यात चिमाजी आप्पाचा मृत्यू झाला. दीर्घ आजाराने तो आधीच खंगला होता. दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. ओंकारेश्वराच्या परिसरात त्याची समाधी आहे. दहा वर्षांचा सदाशिवराव मागे राहिला, आणि पित्याच्या वाङ्मयीन जीवनाचा तिसरा प्रवाह येथून सुरू होतो.

मराठी बखरवाङ्मयाच्या अभ्यासात एक गोष्ट पुरेशा आश्चर्याने नोंदवली गेलेली नाही. पित्याने युद्ध जिंकले, त्याच्या वाट्याला स्थानिक महत्त्वाची बखर आली. पुत्र १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर हरला आणि पडला. त्याच्या वाट्याला 'भाऊसाहेबांची बखर' आली, जी कृष्णाजी शामरावाच्या नावावर आहे आणि मराठी गद्याच्या श्रेष्ठ कृतींत गणली जाते. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीपर्यंत हा पराभव नव्या पिढ्यांना खिळवीत राहिला. वसईला असा वाचकवर्ग लाभला नाही. मराठी गद्याची प्रतिभा जयापेक्षा पराजयाने अधिक चेतते, असे विधान यावरून करण्याचा मोह होतो. ते अर्धसत्य आहे. 'भाऊसाहेबांची बखर' पकड घेते ती केवळ पराभवामुळे घेत नाही. तिच्यात छावणी आणि कुटुंब एकत्र आहेत. विश्वासराव पडल्यावर भाऊ सारासार विचार सोडून गर्दीत शिरतो, या प्रसंगात काका आणि सेनापती यांची फारकत करता येत नाही. पुतण्याच्या मृत्यूने युद्ध हरले जाते. युद्धाचा निकाल नात्याने लावला जातो.

त्यानंतरची कथा तर ग्रीक वाचकाला थेट ओळखीची वाटावी. भाऊचे प्रेत मिळाले की नाही, याविषयी संशय राहिला. पार्वतीबाईने वैधव्य स्वीकारले नाही. पती परत येईल या श्रद्धेने ती राहिली. पुढे तोतया प्रकटला, त्याच्यामागे माणसे जमली, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. पेनेलोपीच्या दारी खरा ओडिसियस येतो. येथे वाट पाहणारी आहे, पण येतो तो खोटाच. न. चिं. केळकरांनी या विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. पुत्राच्या घराला अशा प्रकारे बखर, नाटक आणि कादंबरी लाभली. पित्याच्या घराला यांपैकी एकही आपले म्हणता येत नाही, कारण पित्याचे घर म्हणून जे आहे ते बाजीरावाच्या कथेने आधीच व्यापले आहे.

७

अखेरीस प्रश्न वसईपाशी येतो. सध्याच्या पालघर जिल्ह्यातील या भूमीवर १५३४ पासून दोनशे पाच वर्षे पोर्तुगीज सत्ता होती. किल्ल्याच्या तटात आज चर्चचे भग्न अवशेष आहेत आणि चिमाजी आप्पाचे स्मारकही आहे. भीमाशंकरसारख्या देवस्थानी वसईहून नेलेली म्हणून घंटा दाखवली जाते. वज्रेश्वरीचे मंदिर याच मोहिमेतील नवसाशी जोडलेले आहे. आणि किल्ल्याभोवतीच्या गावांतून आपली मराठी बोली बोलणारा, त्याच मातीत पिके काढणारा ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. १७३९ या वर्षाकडे पाहताना या समाजाला केवळ मुक्तीचा किंवा केवळ पराभवाचा शब्द पुरणारा नाही. तहाने काही चर्चना अभय दिले होते. तटातील चर्च ओस पडले. गावांतील भक्ती चालू राहिली. ज्या भूमीत विजेत्याचे स्मारक आणि जितांच्या प्रार्थना शेजारी शेजारी राहतात, तिला एकेरी वीरकथा अपुरी पडणे स्वाभाविक आहे.

वीरकथेचा एकेरीपणा आणि चरित्राचा दुभंग या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. विजेत्याला घरापासून तोडले की त्याच्या नीतीची आतील बाजू दिसेनाशी होते. मग त्याची उदारता निरपवाद वाटू लागते, आणि तिच्या सीमेबाहेर कोण राहिले हा प्रश्न उद्धट ठरतो. उलट त्याला केवळ घरात कोंडले की त्याची कठोरता स्वभावदोष वाटू लागते आणि तिच्यामागची समाजरचना निर्दोष सुटते. दोन्ही वाचने सोयीची आहेत. वसईच्या ख्रिस्ती वाचकाला, पुण्याच्या घरंदाज वाचकाला आणि मस्तानीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वाचकाला ती आपापल्या खोलीत सुखाने राहू देतात.

संशोधकाच्या दृष्टीने यातून निघणारे कार्य साधे आहे. कुटुंबाचा खंड आणि मोहिमेचा खंड तारीखवार एकत्र लावले पाहिजेत. तारापूरचे सांत्वनपत्र आणि १७४० च्या वसंतातील पश्चात्तापाचे पत्र ही एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एका मृत सरदाराच्या आईला आप्तभावाने लिहू शकणारे घर भावाच्या दुःखापुढे उशिरा का थबकले, हा त्या वाचनातून उभा राहणारा प्रश्न आहे. सर्जनशील लेखकापुढचे कार्य अधिक अवघड आहे. त्याला वेढ्याचे वर्णन करता यावे लागेल आणि माजघरातली शांतताही ऐकता यावी लागेल. वसईहून परतलेल्या विजेत्यासाठी पुण्यात पायघड्या घातल्या गेल्या असतीलच. त्या ज्या उंबरठ्यापाशी संपल्या, तेथपर्यंत मराठी गद्य दोन्ही बाजूंनी येऊन थांबले आहे. उंबरठा ओलांडणे बाकी आहे.